शंभर मीटरची रेघ: बेगमपुऱ्यातील एका घराची परवानगी आणि तिच्यावर हक्क सांगणारी कार्यालये

छत्रपती संभाजीनगरात खाम नदीपलीकडे, बीबी का मकबऱ्याच्या शेजारी वसलेल्या बेगमपुऱ्यात दोन भावांचे एक जुने घर आहे. हे घर त्या मोहल्ल्यातील अनेक घरांवरून बेतलेले आहे आणि त्याची मापे या अभ्यासापुरती ठरवलेली आहेत. कायद्याच्या तरतुदी, मुदती आणि स्मारकाची मापे मात्र जशी आहेत तशीच दिली आहेत. घराची रुंदी ६ मीटर आणि खोली १८ मीटर. पुढे ओसरी, तिच्यावर सागवानी तुळया आणि मातीचे माळवद; मागे माजघर आणि नंतर कधीतरी विटांत बांधून पत्रे टाकलेले स्वयंपाकघर. माळवद दर पावसाळ्यात गळते, दर उन्हाळ्यात त्याच्यावर नवी माती पडते आणि त्या वजनाने तुळया आणखी वाकतात. दोन्ही भावांची मुले मोठी झाली आहेत. जुने घर उतरवून तळमजला आणि त्यावर दोन मजले असे नवे घर बांधावे, थोरल्याने खाली आणि धाकट्याने वर राहावे, एवढाच त्यांचा बेत आहे.

नकाशा करणाऱ्या अभियंत्याने तो बेत ऐकून पहिला प्रश्न विचारला तो खर्चाचा नव्हता. मकबऱ्याच्या तटभिंतीपासून घर किती लांब आहे, हे त्याला हवे होते. टेप गल्लीतून वळणावळणाने नेऊन चालत नाही, सरळ रेषेतले अंतर लागते. म्हणून मोजणी नकाशावरून आणि जागेवरून असे दोनदा ते काढले गेले. ओसरीची पायरी ९४ मीटरवर आली आणि मागची भिंत ११२ मीटरवर. म्हणजे १०० मीटरची रेघ ओसरी आणि माजघर यांच्यामधल्या भिंतीवरून गेली. थोरल्या भावाने त्या भिंतीवर खडूने एक उभी खूण केली आणि विचारले, “म्हंजे साहेब, ओसरी दिल्लीची अन् माजघर आमचं, असंच ना?” अभियंत्याने सांगितले की माजघरही अजून पुरते तुमचे नाही.

केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्यात २०१० साली जी दुरुस्ती झाली, तिने राष्ट्रीय महत्त्वाच्या प्रत्येक स्मारकाभोवती दोन पट्टे आखले. संरक्षित हद्दीपासून सर्व दिशांना १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित आणि त्याच्या पुढचा २०० मीटरचा विनियमित. प्रतिबंधित पट्ट्यात नवे बांधकाम नाही. तिथे १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या किंवा त्यानंतर पुरातत्त्व खात्याच्या महासंचालकांच्या मान्यतेने बांधलेल्या इमारतीची फक्त दुरुस्ती आणि नूतनीकरण करता येते, आणि तेही परवानगी घेऊन. विनियमित पट्ट्यात बांधकाम, पुनर्बांधणी, दुरुस्ती हे सर्व करता येते, पण तेही परवानगीनेच. विनापरवाना काम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

इथे एक बारकावा आहे आणि या घराच्या बाबतीत सगळे त्याच्यावरच अडते. कायद्याच्या व्याख्येत ‘पुनर्बांधणी’ म्हणजे आधी होती तेवढ्याच लांबी-रुंदीची आणि तेवढ्याच उंचीची इमारत पुन्हा उभी करणे. म्हणजे एक इंचही न वाढवता, होते तसेच घर पुन्हा बांधणे. हेसुद्धा फक्त विनियमित पट्ट्यात चालते. प्रतिबंधित पट्ट्यात चालत नाही. तिथे उरते ती दुरुस्ती, आणि दुरुस्तीची व्याख्या करताना बांधकाम व पुनर्बांधणी स्पष्टपणे वगळलेली आहेत. वाकलेली तुळई बदलणे दुरुस्तीत बसेल यात वाद नाही. पण सर्व तुळया काढून त्यांच्या जागी सिमेंटचा स्लॅब टाकला तर ती दुरुस्ती की पुनर्बांधणी, यावर दोन अधिकारी दोन उत्तरे देऊ शकतात, आणि घरमालकाला दोन वर्षांच्या कैदेची तरतूद डोळ्यांसमोर ठेवून त्यातले एक निवडावे लागते.

मोजमाप कुठून सुरू होते हेही लोकांना ठाऊक नसते. मकबऱ्याचा घुमट लांब दिसतो, म्हणून आपण लांब आहोत असे वाटते. पण अंतर घुमटापासून नव्हे, संरक्षित हद्दीपासून मोजतात. आझम शाहने आपल्या आईसाठी, दिलरस बानू बेगमसाठी, बांधलेल्या या मकबऱ्याचे आवार दक्षिणोत्तर सुमारे ४५८ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २७५ मीटर आहे. ही तटभिंत हीच संरक्षित हद्द धरली, तर भोवतालचा प्रतिबंधित पट्टा जवळजवळ १८ हेक्टरचा होतो आणि विनियमित पट्टा आणखी ५४ हेक्टरांचा. मिळून सुमारे १७८ एकर. वस्ती असलेल्या शहराच्या एवढ्या भागात प्रत्येक जिन्याचा आणि प्रत्येक कठड्याचा शेवटचा शब्द शहराबाहेर बोलला जातो.

दोन घड्याळे

अभियंत्याने प्रस्ताव आधी महापालिकेच्या नगररचना विभागाकडे न्यावा की आधी पुरातत्त्वाकडे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तो तसा नाही. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार अर्ज पूर्ण असेल तर नियोजन प्राधिकरणाने ६० दिवसांत निर्णय कळवायचा असतो. कळवला नाही आणि प्रस्ताव नियमांत बसत असेल तर परवानगी मिळाली असे मानले जाते. केंद्राच्या कायद्यातला क्रम वेगळा आहे. सक्षम प्राधिकारी, म्हणजे केंद्राच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्यातील संचालक वा आयुक्त दर्जाचा अधिसूचित अधिकारी, अर्ज १५ दिवसांत दिल्लीच्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवतो. प्राधिकरण दोन महिन्यांत बांधकामाच्या परिणामाबद्दल आपले मत कळवते. त्यानंतर एका महिन्यात सक्षम प्राधिकारी परवानगी देतो किंवा नाकारतो. सर्व काही वेळेवर झाले तरी साडेतीन महिने. आणि वेळेवर झाले नाही तर? परवानगी मिळाली असे मानण्याची सोय या कायद्यात नाही.

साठ दिवसांचे घड्याळ साडेतीन महिन्यांच्या घड्याळाआधी संपते. त्यामुळे कोणताही जबाबदार नगररचनाकार केंद्राची परवानगी जोडल्याशिवाय अर्ज पूर्ण मानणार नाही, आणि त्याचे ते वागणे कायद्याला धरूनच आहे. मात्र त्याचा एक परिणाम असा होतो की महापालिका आपली छाननी सुरूच करत नाही. अर्जावर “पुरातत्त्वाची एनओसी आणा” असा शेरा पडतो आणि तो परत येतो. पुढे एनओसी आली की महापालिकेची नजर तिच्यातल्या उंचीच्या आकड्यावर जाते, तो नकाशाशी जुळला की काम झाले. शहराने त्या गल्लीचा, त्या मोहल्ल्याचा, मकबऱ्याच्या वाटेवरून दिसणाऱ्या छपरांच्या रांगेचा विचार कधी करायचा, याला या क्रमात जागाच नाही.

अधिकारांची वाटणी पाहिली तर सक्षम प्राधिकाऱ्याची सहीदेखील फसवी आहे. परवानगीच्या कागदावर नाव त्याचे असते, पण कायद्यात स्पष्ट म्हटले आहे की राष्ट्रीय प्राधिकरणाची शिफारस अंतिम राहील. म्हणजे राज्य सरकारचा अधिकारी सक्षम प्राधिकारी असला तरी तो राज्याच्या वतीने निर्णय देत नसतो. दिल्लीने दिलेला निर्णय तो पोहोचवत असतो. अर्ज आता ऑनलाइन भरता येतो आणि अंतराच्या पडताळणीसाठी उपग्रह-नकाशांचा वापर होतो, ही सोय नक्कीच आहे. पण ज्यांच्यासमोर हे घर जाणार त्यांच्यापैकी कोणी ही गल्ली पाहिलेली असावी, अशी कोणतीही अट नाही.

एका घराच्या दोन उंच्या

भावांच्या पहिल्या नकाशात जोते ०.६ मीटर आणि तीन मजले प्रत्येकी ३ मीटर, म्हणजे गच्चीपर्यंत ९.६ मीटर होते. गच्चीवर जिन्याची खोली २.४ मीटर आणि तिच्यावर पाण्याची टाकी १.५ मीटर. महापालिकेच्या नियमांत जिन्याची खोली आणि टाकी ठराविक मर्यादेपर्यंत इमारतीच्या उंचीत धरत नाहीत. राष्ट्रीय प्राधिकरण मात्र जिन्याची खोली, कठडा, टाकी हे सर्व धरून उंची विचारते. एकच घर महापालिकेच्या टेबलावर साडेनऊ मीटरच्या आसपास आणि दिल्लीच्या टेबलावर साडेतेरा मीटर.

मला यात दिल्लीचे मोजणे अधिक बरोबर वाटते, कारण मकबऱ्याच्या बागेतून पाहणाऱ्याला टाकीही दिसते. पण ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे टाकी लहान करा असे सांगणे म्हणजे काय, हेही सांगणाऱ्याला ठाऊक हवे. शेवटी भावांनी तो प्रश्न आपल्यापरीने सोडवला. मोठा साठा जमिनीखालच्या हौदात ठेवायचा, वर छोटी टाकी आणि तीही जिन्याच्या खोलीवर न ठेवता मागच्या कोपऱ्यात, कठड्याच्या आड. ही सूचना कोणत्याही कार्यालयाने केली नव्हती. महापालिकेत कोणी नकाशा पाहताना हा विचार केला असता तर एक फेरी वाचली असती.

उंचीपेक्षाही मोठी गोची अंतराची आहे. तटभिंतीपासून १५० मीटरवर उभी असलेली १२ मीटरची इमारत जितकी उंच भासते, जवळजवळ तितकीच उंच ३५० मीटरवरची २८ मीटरची इमारत भासते. पहिल्या इमारतीला दिल्लीची परवानगी लागते. दुसरी ३०० मीटरच्या पलीकडे असल्याने तिला ती लागत नाही, ती पूर्णपणे महापालिकेच्या हातात आहे. मकबऱ्याच्या उत्तरेला डोंगररांग आहे आणि घुमट त्या डोंगरांसमोर पाहावा हीच त्याची शोभा. त्या दृश्याचे रक्षण करायचे तर कोणत्या दिशेला किती उंची चालेल हे दिशेनिशी ठरवावे लागेल. सर्व बाजूंना सारखा ओढलेला पट्टा एका बाजूला निष्कारण छळतो आणि दुसऱ्या बाजूला उपयोगाला येत नाही.

ही कडक रेघ आली कुठून

१०० आणि २०० मीटरचे पट्टे २०१० मध्ये नव्याने जन्मले नाहीत. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेनेच ते ठरले होते, म्हणून ती तारीख आजही कायद्यात आहे. मधल्या काळात एका तज्ज्ञ समितीच्या सल्ल्याने प्रतिबंधित पट्ट्यातही परवानग्या दिल्या गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्या पद्धतीला कायद्याचा आधार नाही असे ठरवले, त्यातून २०१० ची दुरुस्ती झाली, आणि २०१२ मध्ये दिल्लीच्या जंतरमंतरजवळील बांधकामाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही प्रतिबंधित पट्ट्यातील सवलतींचे दार बंद असल्याचे सांगितले. म्हणजे नियमाचा कडकपणा हा सवलती सढळ हाताने वाटल्याचा परिणाम आहे, आणि त्या सवलती वाटल्या होत्या त्या केंद्राच्याच यंत्रणेने. बेगमपुऱ्यातील ओसरीला त्याची किंमत मोजावी लागते. पुढे २ जानेवारी २०१८ रोजी लोकसभेने प्रतिबंधित पट्ट्यात सूट देणारे एक विधेयक मंजूर केले. पण ती सूट केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांसाठी होती, गळक्या माळवदांसाठी नव्हती. त्या विधेयकाचा कायदा झाला नाही.

राज्यघटनेत केंद्राचा अधिकार निर्विवाद आहे. राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित झालेली स्मारके संघ सूचीत येतात. दुसरीकडे ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगररचना आणि इमारतींच्या बांधकामाचे नियमन ही पहिली दोन कामे नागरी संस्थांची आहेत. दोन्ही एकाच भिंतीवर येतात तेव्हा संसदेचा कायदा वरचढ ठरतो. त्यावर वाद घालण्यात वेळ घालवण्यासारखे काही नाही.

खरा प्रश्न वेगळा आहे: केंद्र नक्की काय तपासते? ते अंतर आणि उंची तपासते. इमारतीचा दर्शनी भाग, खिडक्यांची ठेवण, रंग, पत्र्याची शेड, गल्लीकडे झुकलेली गॅलरी, लोंबणाऱ्या वायरी यांबद्दल भावांकडे कोणी काही विचारले नाही. कायदा करणाऱ्यांना हे सुचले नव्हते असे नाही. २०१० च्या दुरुस्तीत प्रत्येक संरक्षित स्मारकासाठी स्वतंत्र वारसा उपविधी करावेत अशी तरतूद आहे, आणि त्यात दर्शनी भाग, इमारतीचे उभे रूप (एलिव्हेशन), सांडपाणी, रस्ते, विजेचे खांब, पाण्याच्या वाहिन्या यांचे नियम असावेत असे म्हटले आहे. पण देशात अशी स्मारके ३,६०० हून अधिक आहेत आणि उपविधी पुरे झाले ते त्यांपैकी थोड्यांचेच. उपविधी नसले की उरतो तो सरसकट पट्टा.

अमेरिकेच्या राजधानीत या बाबतीत केंद्राचा हात आपल्यापेक्षा हलका नाही. वॉशिंग्टनमधील इमारतींच्या उंचीची मर्यादा तिथल्या संसदेने १९१० मध्ये कायद्याने घातली आणि त्याच वर्षी कमिशन ऑफ फाइन आर्ट्स ही संघीय संस्था स्थापन झाली. १९३० च्या कायद्याने व्हाइट हाउस, कॅपिटल अशा परिसरांलगतच्या खासगी बांधकामांचे नकाशेही तिच्याकडे जाऊ लागले. मात्र परवाना शहराचे कार्यालयच देते, आयोग इमारत दिसेल कशी हे तपासतो, आणि ३० दिवसांत त्याने काही कळवले नाही तर त्याची संमती गृहीत धरली जाते. तिथेही शहराच्या स्वायत्ततेवरून कुरबुरी आहेतच. पण संघीय संस्थेने आपले मत मुदतीत द्यावे, नाहीतर गप्प बसल्याची जबाबदारी घ्यावी, हा भाग आपण उचलण्याजोगा आहे.

मग अधिकार कोणाकडे असावा

गल्लीत याचे उत्तर सोपे आहे. धाकटा भाऊ म्हणाला, “मकबरा तिथंच हाय, आमचं घर बी तिथंच हाय. आजोबांच्या टायमाला कुणी मीटर मोजले नाहीत.” त्याचा वैताग समजण्यासारखा आहे, पण सर्व अधिकार महापालिकेकडे द्या, या मागणीच्या बाजूने मी उभा राहणार नाही. ज्या शहरात गुंठेवारीच्या वसाहती आधी उभ्या राहतात आणि नंतर नियमित होतात, जिथे अनेक ऐतिहासिक दरवाजांच्या कमानींना वर्षानुवर्षे फलकांचा आणि वायरींचा वेढा पडतो, तिथे १०० मीटरची रेघ स्थानिक राजकारणाच्या भरवशावर सोडली तर ती टिकणार नाही. उंचीची कमाल मर्यादा आणि प्रतिबंधित पट्टा केंद्राच्या हाती राहणेच शहाणपणाचे.

पण मर्यादेच्या आत इमारत कशी असावी, हे दिल्लीने ठरवू नये आणि दिल्लीने ठरवले नाही म्हणून कोणीच ठरवू नये असेही होऊ नये. महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसा संवर्धन समितीची तरतूद आहे. वारसा-परिसर म्हणून बेगमपुऱ्याच्या गल्ल्या यादीत आणल्या, तर त्या समितीसमोर दर्शनी भागाचा नकाशा जाऊ शकतो. त्यासाठी केंद्राच्या कायद्यात एक अक्षरही बदलावे लागत नाही. वारसा उपविधींचा मसुदाही सक्षम प्राधिकाऱ्याने तज्ज्ञ संस्थांशी सल्लामसलत करून करायचा असतो. त्यासाठी गल्लीनिहाय नकाशे, घरांच्या उंचीच्या नोंदी, कोणत्या दिशेने घुमट दिसतो याची छायाचित्रे महापालिकेने स्वतः तयार करून द्यायला कोणाची आडकाठी नाही. ही मेहनत शहराने केली नाही, तर दिल्लीचा सरसकट पट्टा जाचक आहे या तक्रारीतले निम्मे बळ जाते.

कायद्यात बदल हवा तो एकाच ठिकाणी, असे मला वाटते. प्रतिबंधित पट्ट्यात १९९२ पूर्वीच्या राहत्या घराची तेवढ्याच मापाची पुनर्बांधणी, उंची तसूभरही न वाढवण्याच्या अटीवर, परवानगीने चालू द्यावी. स्मारकाच्या शेजारी पडके घर असण्यापेक्षा त्याच मापाचे धड घर असणे स्मारकालाही बरे. यावर आक्षेप असा येईल की एकदा घर उतरवले की मूळ माप कोण सांगणार. तो आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर म्हणजे पाडण्याआधीची मोजणी आणि छायाचित्रे नोंदीत ठेवणे. उपग्रह-नकाशे वापरणाऱ्या यंत्रणेला हे अवघड नसावे.

दोन्ही भावांनी शेवटी घराचे दोन अर्ज केले. ओसरीसाठी दुरुस्तीचा: वाकलेल्या तुळया बदलणे, माळवदाची माती उतरवून हलका थर देणे, भिंतींना चुन्याचा गिलावा. घर १९९२ पूर्वीचे असल्याचा पुरावा म्हणून जुन्या घरपट्टीच्या पावत्या आणि सिटी सर्व्हेचा उतारा जोडला. माजघर आणि मागच्या भागासाठी नव्या बांधकामाचा: तीनऐवजी दोन मजले, जिना बाहेरून, वर जिन्याची खोली नाही. जोते, मजले आणि कठडा धरून उंची ७.६ मीटर होते, आणि कठड्याआडची टाकी तिच्या वर जात नाही. त्यामुळे दिल्लीच्या मोजणीतही तोच आकडा राहतो. धाकट्याला हवी होती त्यापेक्षा एक खोली कमी झाली आहे, आणि ती कोणाच्या वाट्यातून जाणार यावर घरात अजून बोलणे चालू आहे. ओसरीच्या लाकडी खांबांना रंग द्यावा की तेलपाणी करून तसेच ठेवावे, हे थोरल्याने अभियंत्याला विचारले. अर्जात त्याचा रकाना नसल्याने ते त्यांनी आपसांतच ठरवले.